वरील विषयास अनुसरून

हल्ली सकाळी लॅपटॉप उघडताना मला धास्ती वाटत नाही, ही गोष्ट मला अजून नवी वाटते. चहा होतो, बाबांचे व्यायाम होतात, मग मी टेबल गॅलरीच्या दाराशी ओढते आणि कोणाचा निरोप आला आहे का ते बघते. आला असला तर ठीक, नसला तरी ठीक. गेल्या वर्षी याच टेबलाशी बसून मी त्या पडद्याकडे ज्या नजरेने बघत असे, तशा नजरेने मी दहावीच्या निकालाकडेसुद्धा बघितलं नव्हतं.

झालं असं होतं. परळला, पूर्वी जिथे गिरणी होती त्या आवारात, एका काचेच्या इमारतीत मी भाषांतराची नोकरी करत होते. इंग्रजी माहितीपत्रकं, जाहिराती, व्हिडिओच्या खाली उमटणाऱ्या ओळी, सगळं मराठीत आणायचं. एक दिवस कंपनीने मुंबईतला मराठीचा विभाग बंद करायचं ठरवलं. मला काढलं नाही, बंगळुरूच्या ऑफिसात ये म्हणाले. दिवाळीपर्यंत काय ते कळव, तोवर हातातलं काम घरून संपव, असंही म्हणाले. सगळं इतकं सभ्यपणे केलं की भांडायचीही सोय ठेवली नाही.

एरवी मी गेले असते. लग्न केलेलं नाही, मागे कसले पाश नाहीत, आणि बंगळुरूची हवा किती छान हे मला जो तो येऊन सांगत होता. पण त्याच पावसाळ्यात बाबा आमच्या चाळीच्या जिन्यावर घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ऐंशी ओलांडलेला माणूस वॉकर धरून खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत एवढ्यावर आला. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझी थोरली बहीण पुण्याला असते. तिच्याकडे जागा आहे, लिफ्ट आहे, मेहुणे भले आहेत. पण बाबांचा जन्म इथला, गिरगावात ठाकूरद्वारचा, शाळा तिथली, कचेरी घरापासून चालत जायच्या अंतरावर. पुण्याला लग्नाकार्याला गेले तरी जेवणाचं पान वाढायच्या आधी परतीच्या गाडीची चौकशी करणारे. ऑपरेशननंतर ताईने विषय काढला तेव्हा त्यांनी एका वाक्यात संपवला. म्हणाले, मला इथून चौघं नेतील तेव्हाच नेतील.

म्हणजे प्रश्न अगदी सरळ होता. दिवाळीच्या आत घरबसल्या पुरेसं काम मिळवायचं. नाही मिळालं तर मी बंगळुरूला आणि बाबा मनाविरुद्ध पुण्याला.

माझ्याच विभागातली एक मैत्रीण करी रोडला राहते. तिने वेळीच वारा ओळखून इंटरनेटवरच्या अशा एका बाजारात खातं उघडलं होतं आणि तिचं बरं चाललं होतं. तिनेच मला खातं उघडून दिलं. हा बाजार असा की जगभरचे लोक तिथे आपापलं काम टाकतात आणि ते करू इच्छिणाऱ्यांनी आपला प्रस्ताव पाठवायचा. प्रस्ताव पाठवायला दरमहा मिळणारे ठरावीक गुण खर्च होतात, गुण संपले की महिना उलटायची वाट बघा. एकेका कामावर पन्नास जण तुटून पडतात. ज्याने आधी कामं केली आहेत त्याच्या नावापुढे चांदण्या असतात, आणि चांदण्या असलेल्यालाच पुढचं काम मिळतं. पहिली चांदणी कुठून आणायची, हे मात्र कोणी सांगत नाही.

हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पडल्यापासून पहिल्यांदाच पलंगावर ताठ बसले.

“म्हणजे अर्ज करायचाय,” ते म्हणाले. “मग ते माझ्याकडे दे.”

आमचं घराणं अर्जांवर पोसलेलं आहे. आजोबा गोदीच्या कचेरीत कारकून, बाबा पाणीखात्यातल्या एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अख्ख्या चाळीचे अर्ज आमच्या दिवाणखान्यात, म्हणजे आमच्या एकुलत्या बाहेरच्या खोलीत, लिहिले जात. शाळेत प्रवेश, रेशनकार्डावर नाव, गॅस, टेलिफोन. समासासाठी कागद कुठे दुमडायचा हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. तेव्हा या बाबतीत बाबांचा शब्द शेवटचा, यात मला काही गैर वाटलं नाही.

सुरुवात फोटोपासून झाली. मैत्रिणीने मोबाइलवर काढलेला माझा हसरा फोटो बाबांनी नापास केला. दोन्ही कान दिसले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन, केस मागे घेऊन, दोन्ही कान दाखवणारा फोटो काढून आणला. त्यात मी नुकतीच जामिनावर सुटल्यासारखी दिसत होते. बाबा म्हणाले, आता कसं.

मग मजकूर. इंग्रजीतच होता, पण चाल आमच्या घरचीच. महोदय किंवा महोदया, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की. त्यानंतर माझं शिक्षण, मॅट्रिकपासून क्रमाने, टक्क्यांसह. टायपिंगच्या परीक्षा. मग अनुभव, मग आपण संधी दिल्यास मी आपला विश्वास सार्थ करीन. शेवटी तसदीबद्दल क्षमा आणि आपली विश्वासू. स्वतःची तारीफ स्वतः करायची नाही, ती कागदपत्रांनी करायची, हा आमच्याकडचा दंडक. मीही तसाच विचार करत होते. एक मसुदा पक्का झाला आणि तो मी शाकाहारी उपाहारगृहाच्या मेनूपासून मोबाइल गेमपर्यंत दिसेल त्या कामाला पाठवत सुटले.

कोणी उत्तर दिलं नाही. नकारसुद्धा नाही. आपला प्रस्ताव समोरच्याने उघडला की नाही हे तिथे दिसतं, आणि माझे बहुतेक प्रस्ताव कोणी उघडलेही नव्हते. उत्तर दिलं ते एकाच सद्गृहस्थाने. नमुना म्हणून त्याने पूर्ण माहितीपुस्तिका मराठीत करून मागितली, मी मूर्खासारखी करून दिली, आणि तो गुप्त झाला. त्या दिवशी मी घरात भांडी जरा जोरातच घासली.

शेवटी मैत्रीण घरी आली, माझे प्रस्ताव वाचले आणि बाबा आत आहेत हे विसरून हसत सुटली.

“काय गो, हा रजेचा अर्ज आहे की काय?” ती म्हणाली. “समोरच्याला तुझी दहावी कशाला? पहिल्या दोन ओळी दिसतात ग त्याला फक्त, आणि त्यात तू त्याची माफी मागतेयस.”

तिने उपाय सांगितले. दर खाली आण, निदान पहिली चांदणी मिळेपर्यंत. आणि जरा स्वतःला विकायला शीक. मी दर खाली आणला, इतका की मलाच माझी दया आली, पण स्वस्त माणसाचा कोणाला भरवसा वाटेना. मग इंटरनेटवर या विषयाचे गुरू असतात त्यांचे व्हिडिओ बघितले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आपण भाषेच्या प्रेमात बुडालो आहोत, झपाटलेलो आहोत, असं लिहिलं. पाठवताना कानशिलं तापली. झपाटलेली बाई आणि दोन कानांचा फोटो, असं ते एकत्र लोकांपुढे जात होतं. त्यालाही उत्तर नाही. नम्रपणा झाला, बढाई झाली, दोन्हींनी हात टेकले.

नवरात्र आलं. ऑफिसातून आठवण करून देणारे फोन सुरू झाले. ताईचेही फोन येत, पण ती विषय टाळून बोले. त्याच सुमारास एक दिवस बाबांनी मला ट्रंकेतून त्यांचा स्वेटर काढायला लावला. बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा, कधीतरी पुण्याच्या थंडीत घेतलेला. गिरगावात स्वेटर कधी लागतो? ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही पंखा पाचवर ठेवून बसलो होतो. म्हणाले, कसर लागते, ऊन दाखवायला हवं. तेव्हापासून तो स्वेटर रोज गॅलरीतल्या दोरीवर पसरलेला आणि माझ्या चादरींना जागा नाही. मी कुरकुर केली, त्यांनी लक्ष दिलं नाही.

मग एका दुपारी माझा तोल गेला. बाबा नव्या मसुद्यात ‘नम्र’ कुठे घालायचं ते सांगत होते. मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, “बाबा, तुमच्या टेबलावर आयुष्यभर अर्जांचे ढीग येत होते ना? त्यातला एक तरी अर्ज तुम्हाला आज आठवतो का?”

बोलले आणि लगेच वाईट वाटलं. बाबा चष्मा काढून पुसत बसले. मी उठून स्वयंपाकघरात गेले, कणीक भिजवायला घेतली. बऱ्याच वेळाने बाहेरून आवाज आला.

“एक आठवतो.”

मी कणकेच्या हाताने दारात येऊन उभी राहिले. बाबांनी सांगितलं ते असं. अर्ज यायचे ते सगळे एकाच ठशाचे, वरील विषयास अनुसरून. पहिली ओळ वाचून ते ढिगात जात आणि ढिगाच्या क्रमाने पुढे सरकत, वाईट हेतू कोणाचाच नसे. पण एकदा जवळच्याच एका वाडीतल्या माणसाचा अर्ज आला. त्यात ना विषय, ना महोदय. त्याने लिहिलं होतं, आमच्या जिन्याखालच्या नळाला शेजारच्या चाळीचा पंप बंद झाल्यावरच पाणी येतं, मी उभं राहून बघितलं आहे, तुमचा माणूस पहाटे पाठवा, दुपारी आला तर त्याला सगळं ठीकच दिसेल. बाबांनी तो अर्ज ढिगात टाकला नाही. स्वतः उठून इंजिनिअरच्या टेबलाशी घेऊन गेले.

“वाचला तेव्हाच अर्धं काम झालेलं होतं,” बाबा म्हणाले. “मला फक्त माणूस पाठवायचा होता.” मग म्हणाले, “हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. पण अर्ज लिहायला बसलं की हात आपोआप तिकडेच वळतो.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अख्खी चाळ ज्यांच्याकडून अर्ज लिहून नेत होती, त्यांना स्वतःला मात्र तसला एका ठशाचा अर्ज कधी आवडला नव्हता. मला हसू आलं, मग त्यांनाही आलं. कित्येक आठवड्यांत आम्ही दोघं एकदम हसलो नव्हतो.

त्यानंतर मी एक नियम केला. दिसेल त्या कामाला प्रस्ताव पाठवायचा नाही. ज्यात आपण उभं राहून काही बघितलं आहे, त्यालाच पाठवायचा. दोन दिवस एकही पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक काम दिसलं. परदेशातली एक फिजिओथेरपिस्ट बाई हाडांच्या ऑपरेशननंतर करायच्या व्यायामांचे व्हिडिओ बनवत होती, भारतातल्या रुग्णांसाठी, आणि तिला त्यातलं बोलणं व्हिडिओखाली मराठीत हवं होतं. नमुन्याचा व्हिडिओ सोबत होता. हिंदी ओळी घातलेला, कारण हिंदीचं काम आधी झालेलं होतं.

मी व्हिडिओ बघितला आणि पलंगाकडे बघितलं. तिथे बाबा नेमका तोच व्यायाम करत होते.

“बाबा,” मी म्हटलं, “जरा हे बघून करता का?”

त्यांनी आधी का ते विचारलं, मग समजल्यावर गंभीरपणे तयारीला लागले. मी मोबाइल स्टुलावर ठेवला. बाबा परत पाठीवर आडवे झाले, आणि पहिल्याच फटक्यात लक्षात आलं की आडवं व्हायचं म्हणजे चष्मा काढायचा. ओळी गेल्या. चष्मा परत घातला, तर उशीवर मान वळवून बघावं लागे आणि मान वळली की कंबर वळे. पाय उचलून धरायचा आणि सावकाश खाली आणायचा, असा व्यायाम. पण ‘सावकाश’ ही ओळ उमटायची तोवर बाबांचा पाय खाली आपटलेला. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा ते कळवळले आणि मी व्हिडिओ बंद केला.

“सूचना आधी द्यायला हवी,” बाबा झोपूनच म्हणाले. “पाय वर असताना वाचायचं कोण?”

मी लिहायला बसले. तुमच्या व्हिडिओतला तिसरा व्यायाम आज सकाळी माझ्या वडिलांनी केला, त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आहे, ही पहिली ओळ. मग काय काय झालं ते जसंच्या तसं. मग हे की मी सूचना हालचालीच्या आधी पडद्यावर आणीन, मोठ्या अक्षरात, एका वेळी एकच ओळ, आणि जमलं तर त्या ओळी कोणाच्या तरी आवाजात वाचूनही घ्याव्यात, कारण हे व्यायाम करणारा माणूस पडद्याकडे बघत नसतो, छताकडे बघत असतो. पहिल्या मिनिटाचं काम करून सोबत जोडलं. शिक्षण नाही, टक्के नाहीत. दर माझा नेहमीचा, खाली आणलेला नव्हे. बाबांनी वाचलं, कुठेही पेन लावलं नाही. फक्त खाली ‘आपली विश्वासू’ एवढं राहू दे म्हणाले. मी राहू दिलं.

उत्तर लगेच आलं नाही. ऑफिसचा शेवटचा फोन आला, सोमवारी कळवा म्हणून. मी आतून हललेली होते, पण घरात फराळाची तयारी चालू ठेवली, कारण तेवढंच माझ्या हातात होतं. शनिवारी चकलीची भाजणी दळायला गिरणीत उभी होते, पुढे बायकांची रांग, पट्ट्याचा आवाज, हवेत पीठ. फोन थरथरला. पिठाच्या हाताने उघडला तर त्या बाईचा निरोप. तिने लिहिलं होतं, एवढे प्रस्ताव आले पण व्यायाम करून बघितला तो तुम्हीच. मराठीचे सगळे व्हिडिओ तुम्ही करा. हिंदीच्या ओळी कुठे चुकतात तेही बघून द्या, त्याचे वेगळे पैसे. आणि वडिलांची तब्येत कशी आहे?

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या गिरणीत कळलं. मी तिथल्या कट्ट्याला टेकले. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, बरं वाटतंय, म्हणूनच. ती चमत्कारिक नजरेने बघून पुढे सरकली. ते काम वर्षभर पुरेल एवढं होतं, आणि पुढे त्या चांदणीच्या जोरावर आणखी मिळत गेलं, पण त्या क्षणी मला एवढंच कळलं की सोमवारी मी बंगळुरूला नाही म्हणू शकते.

डबा तिथेच कट्ट्यावर ठेवून मी आधी ताईला फोन केला. मला वाटलं ती आनंदाने बोलत सुटेल. तिचा आवाज उलट गोंधळलेला आला.

“अगं, मग बाबा येत नाहीयेत का आता?” तिने विचारलं.

“कुठे?”

आणि मग सगळं बाहेर आलं. नवरात्राच्या आधीच, मी बाजारात गेलेली असताना, बाबांनी तिला फोन केला होता. म्हणाले होते, ती माझ्यापायी अडकली आहे, तिला आत्ता सांगितलंस तर हट्टाने इथेच बसेल. तिला काम मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर मीच आपणहून पुण्याला येतो म्हणून सांगेन, म्हणजे तिला माझी चिंता न करता जाता येईल. तुझ्याकडे जमिनीलगतचा पलंग नको, वॉकर असलेल्याला उंच पलंग बरा, तेवढी सोय कर. आणि तिकडे अजून पूर्वीसारखी थंडी पडते का, असंही विचारलं होतं.

मी फोन ठेवला. भाजणीचा गरम डबा छातीशी धरून वाडीतून येताना मला रडू आवरत नव्हतं आणि मी ते आवरलंही नाही. ज्या माणसाला चौघंच इथून नेणार होते, तो माझ्यासाठी एकटाच जायला निघाला होता, आणि वर रोज बसून ‘नम्र’ कुठे घालायचं ते मला सांगत होता.

जिना चढून आले. बाबा गॅलरीत वॉकरला धरून उभे होते. दोरीवर स्वेटर होता. मी डबा खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि स्वेटर दोरीवरून काढला. उन्हाने तो चांगला तापलेला होता.

“बाबा, हा आत ठेवू का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ताईने सांगितलं आहे हे त्यांना बहुतेक कळलं, पण त्यांनी ते विचारलं नाही.

“काम मिळालं?”

“मिळालं.”

ते हळूहळू मागे सरकले, खुर्चीचा हात चाचपडून खाली बसले आणि त्यांनी वॉकर सोडून दिला.

“मग ठेव,” बाबा म्हणाले. “अगदी तळाला ठेव. आता लागायचा नाही.”